तळभूक

पोरांना तेराचा पाढा पाठ करायला वर्ष लागतं, पण मुणगवणे बंदरावरच्या फलकाने त्या सकाळी सात हा आकडा दाखवला आणि तासाभरात तो सगळ्या गावाला पाठ झाला. म्हाताऱ्या एकमेकींना अंगणातून ओरडून सांगत होत्या. बंद पडलेल्या बर्फ कारखान्यासमोर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. तीन वर्षं लाल असलेला फलक हिरवा झाला होता, आणि हिरवा म्हणजे दर्या बरा झाला, हे गावाला हर्षलानेच शिकवलं होतं.

हर्षला मेथर याच गावची. बाप मच्छीमारांचा मानकरी, भाऊ होडीवाला, आणि ही समुद्राच्या तळाचा अभ्यास करून परतलेली. बर्फ कारखान्याच्या माडीवर तिची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. गाव तिला चिखलाची डॉक्टरीण म्हणायचं. त्यात थट्टा अर्धी होती आणि अभिमानही अर्धा होता, पण त्या सकाळी नुसता अभिमान होता. तिचा भाऊ गौरेश पेढ्यांचा पुडा घेऊन जिना दोनदोन पायऱ्यांनी चढला आणि तिच्या तोंडात पेढा कोंबूनच बोलला.

"सात गो, सात! दर्यो बरो झालो. चल, तुझो डालगो काढून येवया. परवा पौर्णिमा. नारळ वाह्यलो की पयली होडी माझी."

डालगा म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. हर्षलाच्या यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं, पण ते चिखलावर डालग्यासारखंच पालथं बसायचं, म्हणून गावाने हे नाव ठेवलं आणि तेच टिकलं.

समुद्राचा तळ म्हणजे मेलेला चिखल नव्हे. वरच्या पाण्यात जे काही मरतं ते सावकाश खाली उतरतं, आणि चिखलातले किडे, अळ्या, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ते खातात. खाल्लेलं पचवायला श्वास लागतो आणि श्वासाला पाण्यातला प्राणवायू. म्हणजे तळ किती प्राणवायू खातो हे कळलं की दर्याच्या तब्येतीचा अंदाज येतो. हर्षलाच्या पेटीत चिखलावरचं थोडं पाणी कोंडलं जायचं आणि एक छोटा पंखा ते हळू ढवळत राहायचा. केसाएवढ्या काचतंतूच्या टोकाला एक रंग लावलेला होता. त्यावर निळा प्रकाश पडला की तो लाल चमकायचा. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर चमक मंद, प्राणवायू संपत आला की चमक प्रखर. ती किती वेगाने वाढते त्यावरून तळाची भूक मोजायची. मग पेटीचं झाकण आपोआप उघडायचं, ताजं पाणी आत यायचं आणि पुन्हा तेच. मोजलेला आकडा तारेतून किनाऱ्यावर यायचा. सरकारने त्याला नाव दिलं होतं तळभूक.

मुणगवण्याच्या तळाची भूक राक्षसासारखी वाढली होती. नद्यांनी आणलेलं खत आणि गटारं, त्यावर माजलेलं शेवाळ, ते कुजून खाली बसलेलं, आणि मोठ्या ट्रॉलरांनी जाळी ओढून ओढून नांगरलेला चिखल. त्यातच दर पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, शिळं पाणी तळाशी सरपटत किनाऱ्याकडे यायचं. त्यात प्राणवायू आधीच कमी. जेवण कमी आणि खाणारे फार, अशी गत. जाळ्यात गुदमरून मेलेली मासळी येऊ लागली तेव्हा हर्षलाने गावाला हात जोडले. तीन वर्षं जवळचा दर्या सोडा. तळाला जरा विसावा द्या.

दुसऱ्या गावाने तिला हाकलून दिलं असतं. मुणगवण्याने ऐकलं, कारण मुणगवण्याला गावपळण माहीत होती. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवी पावणाईचा कौल घेऊन सगळा गाव, बाया-माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा, वेशीबाहेर जातो. झावळांच्या खोपी बांधून तीन दिवस राहतो. घरं, विहिरी, वाटा, सगळं मोकळं पडतं. मग पुन्हा कौल लावायचा, आणि आईने हो म्हटलं तरच परत यायचं. त्या दिवसांत वेशीवर सगळे सारखे. वैरी शेजारच्या खोपीत असला तरी त्याला वाईट बोलायचं नाही, कारण पळणीवरचं माणूस आईच्या पदराखाली असतं. हर्षलाच्या वडिलांनी, आबांनी, तिचं म्हणणं एका शब्दात गावाला समजावलं. दर्यापळण. कौल लावला, उजवा आला, आणि गावाने होड्या वर ओढल्या.

त्या सभेत एका म्हातारीने विचारलं होतं, "बाये, दर्यो बरो झालो ह्या आमका कसा कळतला?" हर्षलाने सोपं करून सांगितलं, "आजी, आकडो खाली इलो की दर्यो बरो." सोपं करून सांगणं हा शिकलेल्या माणसाचा आवडता गुण. तो अंगाशी यायला वेळ लागतो, एवढंच.

तीन वर्षं गावाने काढली ती कशी काढली हे घरोघरच्या बायांना विचारावं. गौरेश गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर रंगारी म्हणून गेला. मेथरांचा मुलगा दोराला लटकून लोखंडाला रंग फासत होता आणि खाली दुसऱ्यांच्या होड्या मासे मारत होत्या. तो कधी तक्रार करत नसे. फोनवर एवढंच विचारी, "आकडो किती झालो गो?" पहिल्या वर्षी आकडा उतरला, दुसऱ्या वर्षी आणखी उतरला, आणि हर्षला ते आनंदाने सांगायची. तिसऱ्या पावसाळ्यात तो एकदम कोसळला. दहाच्या खाली आला तर दर्या मोकळा, असं ठरलेलं होतं. तो सातावर आला.

होडीत गौरेशच्या तोंडाला खळ नव्हती. जाळी कुठे टाकायची, कोणाला बरोबर घ्यायचं, बायकोला काय आणायचं, सगळं सांगून झालं. पेटीच्या जागेवर खुणेला तांबडा बोया तरंगत होता. गौरेशने त्याचा दोर धरला आणि हसत सुटला.

"ह्या बघ! आंधळो मागता एक डोळो, देव देता दोन!"

दोरावर कुर्ल्या होत्या, मोठाले खेकडे. एक नाही, दोन नाही, माळ गुंफावी तशा एकावर एक. काही तर बोयावर चढून पाण्याबाहेर बसल्या होत्या, भर उन्हात. तळाशी चिखलात राहणारी कुर्ली अशी वर का येईल, हा प्रश्न गौरेशला पडला नाही. हर्षलाला मात्र पडला.

पेटी वर आली. मग हर्षलाने चिखलाची नळी खाली सोडली. ही लांब पारदर्शक नळी चिखलात रुतते आणि उभा कापलेला केक यावा तसा चिखल घेऊन वर येते. चांगल्या तळाचा चिखल वरून तपकिरी असतो. तो तपकिरी पदर म्हणजे प्राणवायू पोचलेला भाग. त्यात किड्यांची बिळं दिसतात, कधी एखादा किडा नळीच्या भिंतीला अंग घासताना दिसतो. दोन वर्षांपूर्वी हर्षलाने हाच पदर बोटभर जाड झालेला पाहिला होता आणि ती माडीवर एकटीच नाचली होती.

आज नळी वरपासून खालपर्यंत काळी होती. झाकण काढलं तर कुजक्या अंड्यांचा वास आला. बिळं होती, पण रिकामी.

"काय झाला?" गौरेशने नाक दाबत विचारलं.

"तपासूक व्हया," ती म्हणाली.

तिने पेटीतली सगळी मोजणी हातातल्या पडद्यावर उघडली. फलकावर न येणारीही. झाकण उघडून ताजं पाणी आत आलं की त्यात मुळात प्राणवायू किती होता, हेही पेटी मोजत असे. गेल्या तीन आठवड्यांत तो जवळजवळ नव्हताच. म्हणजे तळाची भूक शमली नव्हती. पानात वाढलंच नाही तर जेवणारा खाणार काय? आणि आता तर जेवणारेच मेले होते. पहिल्या दोन वर्षांतली उतरण खरी होती. तळ सुधारत होता. पण यंदा खोल पाणी कधी नव्हे इतकं वर चढलं आणि त्या सुधारणाऱ्या तळाचा श्वासच बंद केला. बऱ्या होणाऱ्याचा आकडा खाली येतो आणि मेलेल्याचाही खालीच येतो. पेटीने खोटं सांगितलं नव्हतं. तिला एकच प्रश्न विचारलेला होता, तिने त्याचं उत्तर दिलं.

पेटी पुन्हा खाली सोडून परतताना किनाऱ्याजवळ पाणी उकळल्यासारखं दिसलं. गौरेशने यंत्र बंद केलं आणि दोघं वाकून बघू लागली. मासळी. खडकापासून वाळूपर्यंतच्या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर मासळी. तांबोशी, शेंगाळा, गोबरा, आणि त्यांच्यामधून लेपी. लेपी जन्मभर चिखलाला पोट लावून असते, तिला पाण्याच्या वर पोहताना गौरेशनेही कधी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. तीन वर्षं लोखंड रंगवलेला तो माणूस होडीच्या कडेला धरून रडत होता.

"आईन परत दिल्यान गो सगळा," तो म्हणाला.

हर्षलाला तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. तिला भावाचा तो चेहरा आणखी थोडा वेळ तसाच हवा होता.

माडीवर आल्यावर तिने आधी जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला. फलक लाल करा, म्हणाली. पलीकडचा अधिकारी सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

"मॅडम, सातावर लाल कसा करू? दहाच्या खाली हिरवा हा नियम आहे. आणि अभिनंदन हं, किनाऱ्यावर सगळ्यात कमी आकडा तुमचा आहे."

"नियम चुकलाय. मुळातला प्राणवायूही फलकावर दाखवायला हवा होता."

"तो काढायची सूचना तुमचीच होती ना? लोकांना दोन आकडे कळत नाहीत म्हणून." त्याने हे खवचटपणे म्हटलं नाही, हेच जास्त लागलं.

आबा मागच्या पडवीत नारळ सोलत होते. परवाच्या पौर्णिमेचे. हर्षला समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आबा सोलायचं थांबले.

"म्हणजे ती मासळी..." ते शेवटी म्हणाले.

"पळान इली हा, आबा. बाहेर सगळीकडे गुदमारता. किनाऱ्याच्या त्या पट्ट्यात लाटा फुटतत, म्हणान पाण्यात वारो मिसळता. तेवढाच पाणी जिवंत हा. दहा गावच्या दर्यातली उरलेली सगळी मासळी थय इली हा. तिच्या पोटात अंडी हत. दिवाळीक वारो फिरलो की वायट पाणी परत खोल जातला. मगे ती भायर जायत, तळ परत भरात. दिवाळीपर्यंत हात लावलो नाय तर."

"आणि लावलो तर?"

"मगे पेरूक बी नाय, आबा."

आबांनी अर्धा सोललेला नारळ खाली ठेवला. म्हणाले, "मगे ही मासळी गावपळणीक इली हा." हे वाक्य हर्षलाला सुचलं नव्हतं, आणि ते ऐकून तिला पहिल्यांदा वाटलं की गाव ऐकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून, गोव्याहून, पवनचक्क्यांवरून माणसं परत आली होती. नवी लुगडी, नव्या टोप्या. सगळ्यांना ठाऊक होतं की आजचा कौल हा नुसता रिवाज आहे. फलक हिरवा, मासळी दारात, आई नाही कशाला म्हणेल?

आबांनी आधी हर्षलाला पुढे केलं. ती बोलली. काळ्या चिखलाची नळी तिने हातात धरली होती, ती मागच्या रांगांपर्यंत फिरवली. लोक वास घेऊन तोंड फिरवत होते. जेवणाऱ्याच्या पानाची उपमा दिली, लेपी वर का आली ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, चूक माझी आहे, असंही म्हणाली. चौकात कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणसं नुसती एकमेकांकडे बघत होती आणि मग देवळाच्या मागे, जिथून दर्या दिसतो तिकडे बघत होती.

मग आबांनी गाऱ्हाणं घातलं.

"आई पावणाई, बारा वाड्येच्या राखणदारणी, तुझ्या लेकरांनी तीन वर्सा दर्यो मोकळो सोडलो. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौक घुमला.

"आज दर्यातली लेकरा तुझ्या येशीर इली हत. ती जीव मुठीत धरून इली हत. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज थोडा कमी आला.

"तेंका दिवाळीसर तुझ्या पदराखाली ठेवचा असात तर डावी दी, आमच्या पदरात घालचा असात तर उजवी दी. व्हय म्हाराजा!"

या वेळी म्हाराजा म्हणणारे मोजकेच होते. गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि मागे सरला. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

पाकळी पडेना.

असं होतं कधीकधी. आई विचार करते, म्हणतात. मग थांबायचं. कौल लावून झाल्यावर उठून जाणं म्हणजे आईला पाठ दाखवणं. लोक थांबले. ऊन चौकात आलं, मग डोक्यावर आलं. पाकळ्या सुकू लागल्या तरी चिकटून होत्या. हर्षला खांबाला टेकून उभी होती. तिने पेटीवर इतकी वर्षं भरवसा ठेवला होता, आज तिचा सगळा जीव त्या दोन पाकळ्यांत होता.

दुपारी मागच्या रांगेतून कोणीतरी येऊन सांगितलं की क्षितिजावर पर्ससीनच्या मोठ्या बोटी दिसतायत. बाहेरगावच्या, थवाच्या थवा जाळ्यात वेढून उचलणाऱ्या. त्यांच्याकडे हवेतून बघणारी यंत्रं असतात, त्यांना किनाऱ्यावरची मासळी दिसली असणार. त्यांना ना कौल, ना फलक. एक म्हातारा चप्पल घालायला म्हणून बाहेर गेला तो परत आला नाही. मग दोघं गेले. मग बायका पाणी प्यायला गेल्या. कोणी भांडलं नाही, कोणी आबांना उलट बोललं नाही. फक्त दर वेळी हर्षलाने वळून बघितलं की चौक थोडा जास्त रिकामा असायचा. गौरेश शेवटपर्यंत उभा होता. त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. एकदा दोघांची नजरानजर झाली. पुढच्या वेळी तिने बघितलं तेव्हा त्याची जागा रिकामी होती.

बंदरावरून होड्यांच्या यंत्रांचा आवाज आला. नारळ वाहिलेला नव्हता. पौर्णिमेआधी मुणगवण्याची होडी मासेमारीला कधी पाण्यात उतरली नव्हती.

उन्हं कलली तेव्हा पाकळी पडली. डावी.

देवळात तेव्हा आबा, गुरव आणि हर्षला एवढेच होते. रिवाज असा की कौल आला की तो मोठ्याने गावाला सांगायचा. आबा वळले, रिकाम्या चौकाकडे तोंड करून ताठ उभे राहिले आणि फुटक्या आवाजात म्हणाले, "आईन डावी दिल्यान. दर्यातल्या लेकरांक दिवाळीसर हात लावचो नाय. व्हय म्हाराजा!"

उत्तर आलं नाही. गुरव खाली मान घालून उभा होता. हर्षलाने ओठ ओले केले आणि एकटीनेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

खालून बंदरावरून आरोळ्या ऐकू येत होत्या. मासळी मिळाली की मारतात तशा.

संध्याकाळी गौरेश आला तेव्हा त्याच्या अंगभर खवले होते. त्याच्या बायकोने, वयनीने, तांबोशी तळली. ताटं मांडली. आबा आले नाहीत, पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गौरेशने स्वतः एक ताट उचललं आणि हर्षलासमोर ठेवलं.

"दादा, तुका माझा बोलणा खोटा वाटला?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण कुठे कमी पडलो, आणखी कसं सांगायला हवं होतं.

"नाय गो." तो तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. "खोटा वाटला असता तर थांबलो असतंय. पौर्णिमेसर थांबलो असतंय, नारळ वाह्यलो असतो, मगे गेलो असतंय. एवढी वर्सा थांबलंय, एक दिवस काय मोठो? पण तू म्हणालंस, हीच शेवटची. आणि भायर ते पर्ससीनवाले हुबे. मी थांबलंय आणि तेंनी नेल्यानी तर? तीन वर्सा मी हेच्यासाठी रंग फासलंय. आमच्या दर्यातली शेवटची मासळी दुसऱ्याच्या जाळ्यात जाताना माका बघवली नसती." त्याने हाताच्या तळव्याकडे बघितलं. "तू खरा सांगलंस म्हणान गेलंय, बाय. सगळे म्हणानच गेले."

आजवर हर्षलाला वाटत होतं की लोकांना नीट मोजून, नीट सांगितलं की लोक नीट वागतात. सगळी नोकरी, सगळं शिक्षण तेवढ्या एका समजुतीवर उभं होतं. तिने मोजलं होतं. या वेळी नीट सांगितलंही होतं. आणि ज्या मासळीपर्यंत गाव कदाचित एक दिवस उशिराने पोचला असता, तिच्यापर्यंत तिने त्याला आजच पोचवलं होतं. तिला भावाचा राग येईना. त्याच्या जागी ती असती तर? हा विचार ती पुरा करू शकली नाही.

"खा," गौरेश म्हणाला. "शेवटची असात तर तुझ्या ताटात तरी पयली पडांदे."

तिला भूक नव्हती. ती जेवली. मासा ताजा होता, लहानपणी लागायचा तसाच गोड लागला, आणि ती रडत रडत शेवटच्या काट्यापर्यंत जेवली. वयनी पदराने तिचे डोळे पुसत राहिली.

चार दिवसांत पट्टा रिकामा झाला. गावाने नेलं ते नेलं, उरलेलं बाहेरच्या बोटींनी. मग दर्या शांत झाला, इतका की किनाऱ्यावरचे बगळेही उडून गेले. फलकावर आता एक हा आकडा होता. फलक हिरवागार होता. जिल्ह्याच्या कचेरीतून मुणगवण्याचा सत्कार करायचा निरोप आला, तो आबांनी ऐकून घेतला आणि फोन खाली ठेवला. गौरेशला पवनचक्क्यांवरून पुन्हा बोलावणं आलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी त्यानेच होडी काढली. हर्षला साफसफाईसाठी वर आणलेली पेटी घेऊन बसली. आबा न सांगता येऊन नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसले. तांबड्या बोयाच्या जागी गौरेशने यंत्र बंद केलं. दोरावर आता एकही कुर्ली नव्हती.

"आता ह्यो कित्याक?" आबांनी पेटीकडे हात केला. "खाली कोण नाय म्हणतंस ना?"

"नाय." हर्षलाने पेटीची काच फडक्याने पुसली. मनातल्या नव्या फलकाचं ती कोणाशी बोलली नव्हती. त्यावर दोन आकडे असतील, आणि ते बघायला गाव असेल की नाही तिला ठाऊक नव्हतं. "वारो फिरलो की चांगला पाणी येतला. मगे खयसून तरी एखादो किडो परत इलो, त्येणा पयलो श्वास घेतल्यान, तर हेका कळात."

"आणि कोण नायच इलो तर?"

"तर ताय कळात, आबा. पण कोणीतरी विचारत रवाक व्हया."

तिने दोर सैल सोडला. पेटी हिरव्या पाण्यात उतरली, थोडा वेळ पांढरी दिसली, मग दिसेनाशी झाली. गौरेश तोंड फिरवून बसला होता. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, पाण्याकडे बघून हात जोडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."